व्हॅन डाइकचा ड्यूक आणि त्याचा ग्रेहाउंड: कुत्रा नक्की कशासाठी?

निळी_शाई

मंडळी, इथे जुन्या युरोपियन चित्रांवर बोलणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये अँथनी व्हॅन डाइकचं एक पोर्ट्रेट आहे, जेम्स स्टुअर्ट, ड्यूक ऑफ रिचमंड अँड लेनॉक्स. साधारण १६३३ ते ३५ मधलं. कॅनव्हास उंचीला जवळजवळ २१६ सेंटीमीटर, त्यामुळे समोर उभं राहिलं की ड्यूकसाहेब आपल्याकडे वरूनच बघतात. काळे रेशमी कपडे, गळ्याशी लेसची मोठी कॉलर, अंगरख्यावर चांदीच्या कशिद्याचा भलामोठा तारा, खांद्यावर रुळणारे केस. आणि शेजारी त्याच्या अंगाला अंग लावून एक ग्रेहाउंड, मान वर करून टक लावून मालकाकडे बघतोय. मालकाचा हात त्याच्या डोक्यावर, पण मालकाचं लक्ष मात्र त्याच्याकडे अजिबात नाही.

तिथली गाइड "कुत्रा म्हणजे निष्ठेचं प्रतीक" एवढं बोलून पुढच्या चित्राकडे गेली. नवरा म्हणाला, अगं त्याचा कुत्रा असेल, काढून घेतला सोबत, त्यात काय. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटली, कारण तो कुत्रा तिथे नसता तर मी त्या चित्रापुढे थांबलेच नसते, दालनात असे लेसवाले साहेब पुष्कळ होते. तर तो तिथे कशासाठी आहे?

झंप्या_तिसरा

कारण त्या दालनात एकटा तोच खरं बोलतोय :)

अडगळ_बाबा

निष्ठेचं प्रतीक हे उत्तर चूक नाही पण आळशी आहे. थडग्यावर बाईच्या पायाशी छोटं कुत्रं असलं तरी निष्ठा, लग्नाच्या चित्रात असलं तरी निष्ठा, शिकारीच्या चित्रात असलं तरी निष्ठा, मग वेगळं काय सांगितलंत?

या चित्राचा बाप दुसरीकडे आहे. टिशियन या इटालियन चित्रकाराने १५३३ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सचं उभं पोर्ट्रेट केलं, शेजारी मोठा शिकारी कुत्रा, सम्राटाचा हात त्याच्या पट्ट्यावर. तेसुद्धा टिशियनचं स्वतःचं नव्हे, आदल्या वर्षी याकोब झाइझेनेगर नावाच्या दरबारी चित्रकाराने तीच पोझ, तोच सम्राट, तोच कुत्रा असं चित्र काढलं होतं, ते आता व्हिएन्नात आहे. दोन्ही फोटो शेजारी लावून बघा. झाइझेनेगरने प्रत्येक बटण मोजून काढलंय आणि सगळं मिळून पुतळा झालाय, टिशियनने तपशील कमी केले आणि माणूस उभा केला.

आता गंमत बघा. १६२३ मध्ये इंग्लंडचा युवराज चार्ल्स स्पॅनिश राजकन्येशी लग्न जमवायला स्वतः माद्रिदला गेला. लग्न फिसकटलं, पण स्पेनच्या राजाने टिशियनचं हेच चित्र त्याला भेट दिलं. पोरगी नाही मिळाली, चित्र मिळालं. पुढे हा युवराज पहिला चार्ल्स म्हणून राजा झाला, १६३२ मध्ये व्हॅन डाइकला लंडनला आणलं, 'सर' हा किताब दिला, वर्षाला २०० पौंडांचं पेन्शन लावून दिलं. म्हणजे व्हॅन डाइक ज्या राजाकडे नोकरीला, त्याच्याच संग्रहात टिशियनचा कुत्रेवाला सम्राट. आणि आपला हा ड्यूक कोण, तर राजाचा लांबचा चुलतभाऊ. समजलं का कुत्रा कुठून आला ते?

सुलेखा_डी

बाबा, पोझ टिशियनकडून आली हे मान्य, पण कुत्रा स्वतः काय करतोय ते बघा ना. टिशियनच्या चित्रात सम्राटाने कुत्र्याला पट्ट्याला धरून ठेवलंय. इथे धरलेलं नाही, नुसता हात ठेवलाय. कुत्रा आपणहून चिकटलाय. हा फरक व्हॅन डाइकचा आहे आणि माझ्या मते सगळं चित्र त्या फरकावर उभं आहे. त्या काळच्या दरबारी माणसाला आपण काही करतोय असं दाखवायचंच नसायचं, सगळं सहज, न प्रयत्न करता झालं पाहिजे. तर ड्यूक काहीच करत नाही, त्याच्यावर प्रेम करायचं काम कुत्र्याकडे दिलंय. तो वर बघतो म्हणून आपणही वर बघतो.

निळी_शाई

सुलेखाताई, हे एकदम पटलं. मी तेच केलं होतं, आधी कुत्रा बघितला आणि त्याच्या नजरेने वर गेले.

मुक्काम_पोस्ट_लातूर

चित्रातलं मला काही कळत नाही पण कुत्र्यातलं कळतं. आमच्याकडं कारवानी कुत्री तीन पिढ्यांपासून हायेत. आमचं कारवानी आन हे ग्रेहाउंड, दोघं नजरेनं शिकार धरणारे, वासाच्या मागं जाणारे नाहीत. छाती खोल, पोट वर ओढलेलं, पाठीला बाक, पाय लांब. फोटो मोठा करून बघितला, ज्यानं काढलाय त्यानं कुत्रं जवळून बघितलेलं हाय. चेहरा बघून काढणारे लई असतात, पण बरगड्या आन पोटाची ओढ बरोबर येत नाही.

आणखी एक. हे असं अंग टेकून उभं राहणं ही या जातीची सवयच असती. पायाला रेलून सगळं वजन टाकतंय, तुम्ही सरकला तर पडंल. आन कान मागं पाडलेत बघा, ते भ्यालं म्हणून नाही, लाडात आलं की असं करतंय. तेव्हा ताईंचे मालक म्हणतात ते बी बरोबर हाय. हे कुत्रं त्याच माणसाचं असणार, दुसऱ्याचं आणून उभं केलं तर असं रेलत नाही.

खडूस_काका

लातूरकर, प्रतिसाद उत्तम, पण शेवटचं वाक्य जरा जपून. व्हॅन डाइकच्या स्टुडिओत माणूस स्वतः तरी किती वेळ उभा असायचा हे आधी बघा. एबरहार्ड याबाख नावाचा बँकर होता, त्याने व्हॅन डाइककडून स्वतःची पोर्ट्रेट करून घेतली होती, त्याने सांगितलेली हकीकत रॉजर द पील या फ्रेंच लेखकाने नोंदवून ठेवली आहे. एका गिऱ्हाइकाला एका बैठकीत एक तासाच्या वर वेळ नाही. तास झाला की हा उठणार, नमस्कार करणार, पुढची तारीख देणार, नोकर येऊन ब्रश धुणार आणि दुसरं पॅलेट तयार करणार, तोवर पुढचं गिऱ्हाईक हजर. चेहऱ्याची तयारी झाली की राखाडी किंवा निळसर कागदावर खडूने पाव तासात अंगाची ठेवण आणि कपडे उतरवायचे, तो कागद सहाय्यकांकडे द्यायचा. कपडे गिऱ्हाइकाने पाठवून द्यायचे, त्यावरून सहाय्यक रंगवणार. मग स्वतः येऊन वरून हात फिरवायचा. आणि हातांसाठी तर पगारी मॉडेल ठेवलेली होती, बाया आणि पुरुष दोन्ही.

म्हणजे त्या कुत्र्याच्या डोक्यावर जो नाजूक हात आहे तो ड्यूकचा असेलच असं धरून चालू नका.

झंप्या_तिसरा

म्हणजे कपडे ड्यूकचे, हात भाड्याचे, पोझ टिशियनची. ओरिजिनल फक्त कुत्रा. माझा पहिला प्रतिसाद परत वाचावा ही विनंती.

हळदीची_बरणी

हाहाहा झंप्या.

काकांच्या हकिकतीवरून आठवलं, लेडी ससेक्स म्हणून एक बाई होती, तिने व्हॅन डाइककडून चित्र काढून घेतलं आणि नंतर पत्रात तक्रार केली की चेहरा इतका मोठा आणि जाडा काढलाय की जुन्या नकाशांवर गाल फुगवून फुंकणारे वारे असतात ना, त्यातलीच एक वाटतेय. आणि वर स्वतःच लिहिलंय की पण खरं सांगायचं तर असेलही तसाच. मला ही बाई फार आवडते.

उलटं उदाहरण राणी हेन्रिएटा मारियाचं. व्हॅन डाइकची चित्रं बघून सगळ्या युरोपात समज की इंग्लंडची राणी म्हणजे काय रूप. जर्मनीकडची सोफी नावाची भाची तिला प्रत्यक्ष भेटली तर बुटकी बाई, हात काटकुळे, खांदे वाकडे आणि दात किल्ल्यातून तोफा बाहेर याव्यात तसे. हे त्या सोफीनेच आठवणींत लिहिलंय. तेव्हा फिल्टर ही काही आजची भानगड नाही.

अडगळ_बाबा

आणि फिल्टरचे पैसेही खणखणीत घ्यायचा. राजाच्या शिकारीवरचं जे मोठं चित्र लूव्रमध्ये आहे, घोड्यावरून उतरून उभा असलेला पहिला चार्ल्स, त्याचं बिल व्हॅन डाइकने २०० पौंड लावलं. राजाने ते कापून १०० केलं. साक्षात इंग्लंडचा राजा, आणि तुळशीबागेतल्यासारखं निम्म्यावर आणून तोडलं.

पोटमाळा

एक वेगळा मुद्दा मांडतो. तुम्ही सगळे कुत्रा आणि ड्यूक यांच्याबद्दल बोलताय, पण त्या चित्रात तिसरा माणूस आहे आणि तो राजा आहे. अंगरख्यावरचा तो तारा म्हणजे ऑर्डर ऑफ द गार्टर, इंग्लंडचा सगळ्यात मानाचा किताब. जेम्स स्टुअर्टला तो १६३३ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाला आणि बहुतेक त्याच निमित्ताने हे चित्र काढलं गेलं. सरदारांनी गार्टरचं चिन्ह अंगरख्यावर उघड दिसेल असं लावायचं हा नियमसुद्धा पहिल्या चार्ल्सनेच काढलेला. म्हणजे चित्रातली सगळ्यात ठळक वस्तू कोणती तर राजाने दिलेली.

आता कुत्रा मालकाकडे कसा बघतोय ते बघा आणि मग या माणसाचं पुढचं आयुष्य बघा. राजा आणि संसद यांच्यातलं यादवी युद्ध १६४२ ला सुरू झालं, हा राजाच्या बाजूने. याचे तीन भाऊ राजासाठी लढताना गेले, एक एजहिलला १६४२ मध्ये, एक चेरिटनला १६४४ मध्ये, एक राउटन हीथला १६४५ मध्ये. ३० जानेवारी १६४९ ला राजाचं डोकं उडवलं, तेव्हा विंडसरला बर्फात त्याला पुरायला जे मोजके सरदार गेले त्यात हा होता. मग निष्ठावान कुत्रा कोण?

खडूस_काका

पोटमाळा, लिहिलंत झकास, पण हे मागून पुढे वाचणं झालं. १६३४ मध्ये ब्रश हातात घेतलेल्या माणसाला १६४९ ची कुऱ्हाड दिसत नव्हती. तेव्हा राजा संसद न बोलावता मजेत राज्य करत होता आणि हा ड्यूक विशीतला श्रीमंत पोरगा होता, जन्म १६१२ चा. त्याला आपण देखणे दिसावं एवढंच हवं असणार. त्या चित्रात आपल्याला जे करुण वगैरे दिसतं ते आपण आणून टाकलेलं आहे.

जाता जाता, तो तेव्हा ड्यूक ऑफ रिचमंड नव्हताच. तेव्हा फक्त लेनॉक्स. रिचमंडची ड्यूकगिरी १६४१ मध्ये मिळाली. चित्राच्या पाटीवर दोन्ही नावं आहेत इतकंच.

पोटमाळा

काका, कुऱ्हाड दिसत नव्हती हे कबूल. पण तारा दिसत होता ना? तो तर त्याने मुद्दाम लावून घेतला. राजाने दिलेला पट्टा गळ्यात घालून मिरवणं एवढंच म्हणतोय मी, त्याला भविष्य कळायला लागत नाही.

सुलेखा_डी

पट्ट्यावरूनच बोलायचं तर गार्टर मुळात गुडघ्याखाली बांधायचा पट्टाच असतो :) हा वाद मिटणार नाही, पण दोघांनी भांडावं, वाचायला मजा येतेय.

सातारचा_पाहुणा

त्या कुत्र्याची एक आख्यायिका कुणी लिहिली नाही अजून? ड्यूक झोपलेला असताना मारेकरी आत आला आणि कुत्र्याने उठवून जीव वाचवला, म्हणून त्याला चित्रात मान दिला, असं सांगतात.

हे वाचलं आणि मला आमच्या शाहू महाराजांचा खंड्या आठवला. म्हणजे थोरले शाहू, साताऱ्याचे, कोल्हापूरचे नव्हेत. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा कुत्र्याने वाचवलं ही कथा. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहून ठेवलंय की महाराजांनी त्या कुत्र्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि एकदा दरबारात त्याला जरीचे कपडे आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. संगम माहुलीला खंड्याची समाधी आहे, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, कुणी साताऱ्याला आलं तर जरूर बघा. लंडनमध्ये कुत्र्याला कोपरा मिळाला, इकडे पालखी.

झंप्या_तिसरा

जहागीर म्हणजे सातबारा कुत्र्याच्या नावावर??? आमच्या आत्याच्या नावावर व्हायला बावीस वर्षं लागली.

गडकरी_मोड_ऑन

मग रायगडावरच्या वाघ्याबद्दल पण बोला की.

खडूस_काका

नको. त्यावर या संस्थळावर आधीच चार धागे आहेत आणि चारही कुलूपबंद आहेत. इथे ड्यूक.

बारामतीकर_लंडनात

काकांना अनुमोदन.

पाहुणे, आख्यायिकांबद्दल माझं एक निरीक्षण. कुत्रा चित्रात असला की "त्याने जीव वाचवला" ही गोष्ट आपोआप तयार होते. नुसतं "मला तो आवडायचा" हे कारण लोकांना राजा-सरदारांच्या बाबतीत पुरत नाही, काहीतरी पराक्रम लागतो. खंड्याच्या बाबतीत तरी जहागीर आणि समाधी आहे, ड्यूकच्या कुत्र्याच्या बाबतीत हे चित्र आहे आणि मग गोष्ट आहे.

त्याच दरबारातलं खरं प्रसिद्ध कुत्रं वेगळं. राजाचा भाचा प्रिन्स रूपर्ट, त्याच्याकडे बॉय नावाचं पांढरं पूडल होतं. युद्धात सगळीकडे त्याच्यासोबत. संसदेच्या बाजूच्या लोकांत आणि छापील पत्रकांत असं पसरलं की हा कुत्रा नसून रूपर्टच्या ताब्यातला सैतान आहे, याला गोळ्या लागत नाहीत, याला भविष्य कळतं. काही पत्रकं तर राजाच्याच लोकांनी टिंगल म्हणून लिहिलेली, समोरच्यांनी ती खरी धरली. शेवटी २ जुलै १६४४ ला मार्स्टन मूरच्या लढाईत बॉय मारला गेला आणि त्याच्याही मरणावर पत्रक छापून आलं. एवढी प्रसिद्धी कुठल्या ड्यूकला मिळाली नाही.

हळदीची_बरणी

अरे देवा, म्हणजे ट्रोलिंगसुद्धा जुनंच. बिचारं पूडल.

वेरूळची_पायरी

कुत्र्यांचा विषय निघालाय आणि त्याच काळातला आपल्याकडचा किस्सा राहिला तर बरं दिसणार नाही. सर टॉमस रो, ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने जहांगीरच्या दरबारात आलेला वकील, १६१५ ते १६१९. जहांगीरला इंग्रजी मास्टिफ कुत्री हवी होती. इंग्लंडहून जहाजावर चढवली बरीच, पोचली त्यातली दोन. रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने सगळं लिहून ठेवलंय. बादशहाने एकेका कुत्र्यामागे चार माणसं लावली, दोघांनी पालखीतून फिरवायचं, दोघांनी बाजूने माश्या वारायच्या. आणि स्वतःच्या हाताने घास भरवता यावा म्हणून चांदीचा चिमटा करून घेतला.

तेव्हा पालखीचा मान खंड्याच्या आधी जहांगीरच्या दरबारात या विलायती कुत्र्यांना मिळाला होता. सातारकरांनी राग मानू नये.

सातारचा_पाहुणा

राग नाही. पण यांनी विलायतेहून मागवलेला, आमचा घरचा.

मुक्काम_पोस्ट_लातूर

माश्या वारायला दोन माणसं. आमचं कारवानी गोठ्यात म्हशीपाशी झोपतंय.

खडूस काका, तुमचा हाताचा मुद्दा वाचला. हात भाड्याचा असू द्या. पण कुत्रं भाड्याचं असलं तरी त्यानं कुणावर तरी रेलल्याशिवाय चित्रकाराला ते दिसणार कसं? कुणीतरी माणूस होताच की त्याच्या शेजारी, ज्याच्यावर त्याचा जीव होता. ते स्टुडिओतलं नोकर असंल. माझं म्हणणं कुत्र्यापुरतं हाय.

खडूस_काका

हे मात्र मी खोडून काढणार नाही. चांगला मुद्दा आहे.

सुलेखा_डी

लातूरकरांचा प्रतिसाद धाग्यातला सर्वोत्तम.

कुत्रा नेमका कुणी रंगवला यावर थोडं. अँटवर्पमध्ये, जिथे व्हॅन डाइक वाढला, तिथे प्राणी रंगवणारे वेगळे लोकच असायचे. फ्रान्स स्नायडर्स, पॉल द व्हॉस, यान फेइट. रूबेन्ससुद्धा मोठ्या चित्रात माणसं स्वतः करायचा आणि प्राणी स्नायडर्सकडे द्यायचा. व्हॅन डाइक त्या वातावरणातून आलेला, त्यामुळे त्याला कुत्रा ही सजावट वाटत नाही, कुत्र्यालाही स्वभाव असतो हे त्याने शेजारी बसून बघितलेलं. १६३७ मधलं राजाच्या पाच मुलांचं चित्र बघा, मधे सात वर्षांचा युवराज आणि त्याच्याएवढाच मास्टिफ, आणि पोराने अगदी निवांतपणे त्याच्या डोक्यावर हात ठेवलाय. तीच युक्ती, हात डोक्यावर. पण तिथे अर्थ बदलतो, एवढं धूड या पोराच्या हाताखाली शांत बसतं तर उद्या राज्यही बसेल, असं काहीतरी. खाली कोपऱ्यात एक छोटं स्पॅनियलही आहे, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही आणि त्यालाही कुणाची पडलेली नाही.

बारामतीकर_लंडनात

आणि तो युवराज म्हणजे पुढचा दुसरा चार्ल्स, ज्याने स्पॅनियल पाळून पाळून सगळ्या महालात केस करून ठेवले. मास्टिफवर हात ठेवून उपयोग झाला नाही, मन कोपऱ्यातल्यावर गेलं.

अडगळ_बाबा

स्पेनकडे पण बघा. तिथला दरबारी चित्रकार व्हेलास्केस याने साधारण १६३५ मध्ये राजपुत्र बाल्तासार कार्लोसला शिकाऱ्याच्या वेषात काढलं, वय सहा. पोराच्या शेजारी मोठा कुत्रा, पण तो आडवा पसरून झोपलेला. उभा काढला असता तर पोरगं झाकलं गेलं असतं! आणि उजव्या कडेला ग्रेहाउंड आहे त्याचं नुसतं पुढचं तोंड उरलंय, कारण नंतर कधीतरी कॅनव्हासच कडेने कापला. म्हणजे कात्री लावणाऱ्याला कुत्रा जास्तीचा वाटला.

तुलना करा, व्हेलास्केसचे कुत्रे मालकाकडे बघतच नाहीत. झोपतात, कंटाळतात. त्याच्याच लास मेनिनास या चित्रातला तर पायाने ढोसलं तरी डोळे मिटून बसलाय. व्हॅन डाइकचा बघतो. मला विचाराल तर व्हेलास्केसचं कुत्रं जास्त खरं आणि व्हॅन डाइकचं जास्त दरबारी.

मुक्काम_पोस्ट_लातूर

बाबा, ती जात वेगळी. राखणीचं कुत्रं दुपारी झोपतंच. हे पळणारं.

पोटमाळा

बाबा, "दरबारी" म्हणालात, म्हणजे शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात :)

अडगळ_बाबा

आलो नाही, तुमच्या दारावरून गेलो.

निळी_शाई

इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. नवऱ्याला लातूरकरांचे प्रतिसाद वाचून दाखवले, आता तो घरभर सांगत फिरतोय की तज्ज्ञ माझ्या बाजूने आहेत.

दोन प्रश्न राहिलेत. हे चित्र अमेरिकेत कसं गेलं? आणि याच घराण्यातलं, याच हाताचं काही इंग्लंडमध्ये बघायला मिळेल का, कारण पुढच्या महिन्यात लंडनला जाणं होतंय.

बारामतीकर_लंडनात

अमेरिकेत गेलं ते हेन्री मार्क्वंडमुळे. आधी ते कॉर्शम कोर्टला मेथ्युएन घराण्याकडे होतं. मार्क्वंड रेल्वेच्या धंद्यातला पैसेवाला, मेट म्युझियमचा दुसरा अध्यक्ष, त्याने विकत घेतलं आणि १८८९ मध्ये म्युझियमला देऊन टाकलं. त्याच देणगीत फेर्मेरचं पाण्याचा जग हातात घेतलेल्या तरुणीचं चित्रही होतं. एका माणसाने एका फटक्यात एवढं दिलं, आपल्याकडे टाटांनी दिलं तसं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपियन तैलचित्रं आहेत ती कितीजण वर जाऊन बघतात देव जाणे, सगळे खाली मूर्ती बघून कँटीनला जातात.

लंडनला याल तेव्हा नॅशनल गॅलरीत जा. तिथे व्हॅन डाइकचंच, साधारण १६३८ चं, लॉर्ड जॉन आणि लॉर्ड बर्नार्ड स्टुअर्ट यांचं जोडचित्र आहे. हे आपल्या ड्यूकचे धाकटे भाऊ. चेरिटनला आणि राउटन हीथला गेलेले ते हेच दोघे. रेशीम असं रंगवलंय की हात लावावासा वाटतो, आणि दोघांच्या चेहऱ्यावर इतका माज आहे की बघत राहावं. कुत्रा नाही.

खडूस_काका

कुत्रा नाही, त्यामुळे त्या दोघांवर प्रेम करायला कुणी नाही चित्रात. एकमेकांकडेही बघत नाहीत. सुलेखाताईंचा मुद्दा तिथे जाऊन तपासता येईल.

तैलरंगवाली

सगळा धागा एका दमात वाचला. मी स्वतः रंगवते, म्हणून मूळ प्रश्नाला एक अगदी कामाचं उत्तर देते, ते कुणीच दिलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

ड्यूक काळ्या कपड्यात आहे. पार्श्वभूमीही गडद. २१६ सेंटीमीटर उंच कॅनव्हासवर उजेड कुठे कुठे आहे ते मोजा: चेहरा आणि कॉलर वर, तारा मधे, पायमोजे खाली. सगळं एका उभ्या पट्टीत. कुत्रा काढून टाका, बोट ठेवून झाकून बघा हवं तर, चित्र अरुंद होतं, ड्यूक खांब होऊन जातो आणि डावीकडे नुसता अंधार राहतो. तिथे फिकट तपकिरी अंगाचा कुत्रा आला की उजेड बाजूला सरकतो, त्याच्या लांब मानेची तिरकी रेघ नजरेला परत वर चेहऱ्याकडे नेते आणि मधे तो हात येतो, काळ्यावर उजळ. ग्रेहाउंडच का, तर त्याची मान लांब आहे म्हणून. मास्टिफ बसवला असता तर तिथे गोळा झाला असता. प्रतीक, टिशियन, गार्टर सगळं खरंच आहे, पण कोऱ्या कॅनव्हाससमोर उभं राहिल्यावर आधी हा प्रश्न सोडवावा लागतो की डावीकडे काय ठेवू.

सुलेखा_डी

आत्ता बोट ठेवून बघितलं. खरंच खांब होतो.

निळी_शाई

मीपण बघितलं. नवरा विचारतोय की कुत्रा काळा असता तर?

तैलरंगवाली

मग ड्यूकला पांढरे कपडे घालून यावं लागलं असतं.

मुक्काम_पोस्ट_लातूर

पांढऱ्या कपड्यावर कुत्रं रेलू देणारा माणूस अजून बघितला नाही मी.